अभिनंदनाची घाई

7 जानेवारी 2024 रोजी बांगलादेशात संसदेची निवडणूक झाली. बीएनपी या मुख्य विरोधी पक्षाचा तिच्यावर बहिष्कार होता आणि त्याचे हजारो कार्यकर्ते तुरुंगात होते. निवडणूक आयोगाने मतदान 41.8 टक्के झाल्याचे सांगितले, तो आकडाही अनेकांना पटला नाही. दुसऱ्याच दिवशी भारताच्या पंतप्रधानांनी अवामी लीगच्या नेत्या आणि तिथल्या पंतप्रधान शेख हसीना यांना फोन करून अभिनंदन केले. चीन आणि रशियानेही केले. अमेरिकेने मात्र ही निवडणूक मुक्त आणि निःपक्ष नव्हती, असे उघड म्हटले आणि ब्रिटननेही तिच्यावर उघड टीका केली. सात महिन्यांत, 5 ऑगस्टला, हसीना यांना देश सोडून भारतात यावे लागले.

त्या फोनचे समर्थन करणारे आजही भेटतात, आमच्या परभणीतही भेटतात. शेजाऱ्याची निवडणूक ही त्याची अंतर्गत बाब आहे, आपण बोलू नये, असे ते म्हणतात. मग अभिनंदन तरी का केले? विजेत्याची पाठ थोपटणे हेही बोलणेच आहे. त्यात निकालावर शिक्कामोर्तब होते. अंतर्गत बाब म्हणून गप्प राहायचे तर दोन्ही बाजूंनी गप्प राहावे. एकाला हार घालायचा आणि दुसऱ्याने तक्रार केली की तुमच्या घरचे तुम्ही बघा म्हणायचे, ही तटस्थता नव्हे.

शिवाय भारताची स्वतःची परंपरा गप्प बसण्याची नाही. डिसेंबर 1970 मध्ये पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आजच्या बांगलादेशातल्या, 162 सर्वसाधारण जागांपैकी 160 अवामी लीगने जिंकल्या. सभागृहाच्या 300 सर्वसाधारण जागांमध्ये ते निर्विवाद बहुमत होते. पाकिस्तानचे लष्करी राज्यकर्ते याह्या खान यांनी सभागृह भरूच दिले नाही आणि 25 मार्च 1971 च्या रात्री ढाक्यावर सैन्य सोडले. पाकिस्तान तेव्हा हेच म्हणत होता की ही आमची अंतर्गत बाब आहे, आणि अमेरिकेतले निक्सन यांचे सरकार त्याच्या पाठीशी उभे होते. भारताच्या संसदेने आठवडाभरात, 31 मार्चला, ठराव करून पूर्व बंगालच्या जनतेच्या लोकशाहीच्या लढ्याला पाठिंबा दिला. तो ठराव मांडला इंदिरा गांधी यांनी आणि मंजूर केला सगळ्या पक्षांनी. मतदाराने दिलेला कौल राज्यकर्त्याने नाकारला, हे त्या भूमिकेच्या मुळाशी होते. तेव्हा जे बरोबर होते ते 2024 मध्ये चूक कसे झाले, याचे उत्तर मला अजून कोणी दिलेले नाही.

मराठवाड्याच्या माणसाला तर हा प्रश्न परका वाटूच नये. परभणी जिल्हा 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे स्टेट काँग्रेस या राजकीय संघटनेवर 1938 मध्ये ती नीट उभी राहण्याआधीच बंदी आली. बंदी उठली 1946 मध्ये. त्याच वर्षी निजामाने सुधारणांच्या नावाखाली विधिमंडळाची निवडणूक घेतली. प्रतिनिधित्व व्यवसायनिहाय होते आणि लोकांना उत्तरदायी सरकार मिळणार नव्हते. स्टेट काँग्रेसने तिच्यावर बहिष्कार टाकला. आमच्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पाहिलेली निवडणूक ती ही. त्या निकालाबद्दल दिल्लीहून कोणी निजामाला अभिनंदनाची तार केली असती, तर जिंतूर-सेलूच्या सत्याग्रह्याला काय वाटले असते? बहिष्कार घालणारा नेहमी बरोबरच असतो, असे माझे म्हणणे नाही. पण मोठा पक्ष निवडणुकीबाहेर का राहिला, हे आधी विचारायला हवे, एवढे तरी आपल्याला अनुभवाने कळायला हवे.

पुढे सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबादचा प्रश्न सुरक्षा परिषदेपुढे गेला. 16 तारखेला पॅरिसमध्ये निजामाचे प्रतिनिधी बोलले आणि भारताचे प्रतिनिधीही बोलले. ज्यांना कधी खरे मत देता आले नाही, त्या संस्थानातल्या लाखो माणसांच्या वतीने बोलायला निजामाच्या शिष्टमंडळाकडे कोणताच अधिकार नव्हता. दुसऱ्या दिवशी निजामाने भारतीय सैन्यापुढे शरणागती पत्करली. 1952 मध्ये परभणीकरांनी पहिल्यांदा लोकसभेसाठी मत दिले आणि नेहरूंची लाट असतानाही शेतकरी कामगार पक्षाचे नारायणराव वाघमारे यांना निवडून दिले. सत्ताधाऱ्याला पाडता येते, हे ज्या निवडणुकीत दिसते तीच खरी, आणि ते आम्ही पहिल्याच खेपेला करून दाखवले.

आता दुसऱ्या बाजूच्या सर्वांत वजनदार मुद्द्याकडे येतो. हसीना यांच्या काळात आसाममधल्या उल्फा या बंडखोर संघटनेचे पुढारी भारताच्या हाती आले. त्यांतला अनुप चेतिया 2015 मध्ये ताब्यात मिळाला. ईशान्येत शांतता राहिली. अशा सरकारच्या पाठीशी उभे राहणे हे राष्ट्रहित नव्हे काय? हा मुद्दा मी हलका मानत नाही. पण हित एका माणसाच्या खुर्चीला बांधले की खुर्चीबरोबर तेही जाते. 2014 च्या निवडणुकीत 300 पैकी 153 जागा बिनविरोध गेल्या होत्या. त्याआधी, डिसेंबर 2013 मध्ये, आपल्या परराष्ट्र सचिव ढाक्याला जाऊन आल्या आणि दिल्लीने हसीना यांची बाजू घेतली, हीच भावना तिथे पसरली. मतदान केंद्रापासून दूर ठेवलेल्या तरुणाच्या मनात दहा वर्षे जो राग साचला, त्यात आपला वाटा पडला. मत मांडणे वेगळे आणि कोणाला निवडून आणायला हात लावणे वेगळे. आपण मत मांडले नाही आणि हात लावल्याचा आरोप मात्र पदरात घेतला.

ही किंमत दिल्लीलाच मोजावी लागते, असेही नाही. हंगामात मानवतच्या बाजारात कापसाच्या गाड्या लागतात. व्यापारी गाडीतला पुंजका उपसतो, अंगठा आणि बोटांत धरून तंतू ओढून लांबी पाहतो, मुठीत दाबून ओलावा पाहतो आणि भाव बोलतो. सरकी वेगळी होते, रुईची 170 किलोची गाठ बांधली जाते. भारताच्या कापसाचा आणि सुताचा सर्वांत मोठे गिऱ्हाईक कित्येक वर्षे बांगलादेश आहे. तिथल्या गिरण्यांची मागणी हलली की त्याची झळ जिनिंगपर्यंत आणि तिथून शेतकऱ्यापर्यंत येते. एप्रिल 2025 मध्ये भारताने बांगलादेशला दिलेली मालवाहतुकीची सवलत काढून घेतली, ढाक्याने जमिनीवरच्या बंदरांतून भारतीय सूत घेणे थांबवले आणि मे महिन्यात भारताने तिथल्या तयार कपड्यांना ते रस्ते बंद केले. ढाक्याच्या निवडणुकीशी आमचा काय संबंध, असे म्हणणाऱ्या आमच्या भागातल्या मित्रांनी हा हिशेब एकदा मांडून पाहावा.

अमेरिका आणि ब्रिटनच्या दुटप्पीपणाकडे बोट दाखवणारेही आहेत. खरेच आहे. 1971 मध्ये ढाक्यातले अमेरिकेचे कॉन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी आपल्याच सरकारच्या मौनाविरुद्ध तार पाठवली, तेव्हा त्यांचीच तिथून बदली झाली. त्या देशाने लोकशाहीचे धडे द्यावेत हे कोणालाही टोचेल. पण बोलणारा दुटप्पी आहे म्हणून बोललेले खोटे ठरत नाही. 2024 च्या निवडणुकीत मतदाराला निवड होती की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि नव्हती.

वेगळे वागता येते, हे भारतानेच दाखवले आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये, म्हणजे ढाक्याच्या त्या फोननंतर महिन्याभरातच, दिल्लीने श्रीलंकेच्या अनुरा कुमार दिसानायके यांना बोलावून घेतले. संसदेत त्यांचे तेव्हा तीन खासदार होते आणि त्यांच्या पक्षाचा इतिहास भारतविरोधी घोषणांनी भरलेला होता. सप्टेंबरमध्ये ते राष्ट्राध्यक्ष झाले, 14 नोव्हेंबरच्या संसदीय निवडणुकीत त्यांच्या आघाडीने 225 पैकी 159 जागा जिंकल्या आणि पहिला परदेश दौरा त्यांनी दिल्लीचा केला. कोण जिंकेल हे न ठरवता सगळ्यांशी बोलणे ठेवले, म्हणून निकालानंतर धावाधाव करावी लागली नाही.

हीच मोजपट्टी ढाक्याच्या नव्या राज्यकर्त्यांनाही लावली पाहिजे. मे 2025 मध्ये तिथल्या हंगामी सरकारने अवामी लीगच्या कामकाजावर बंदी घातली आणि आयोगाने तिची नोंदणी स्थगित केली. बीएनपीला बाहेर ठेवणारी निवडणूक जर अपुरी होती, तर मतपत्रिकेवर अवामी लीगचे नौका हे चिन्ह नसलेली निवडणूकही अपुरीच आहे. अत्याचाराचे खटले व्यक्तींवर चालवा, लाखो मतदारांचे चिन्ह काढून घेऊ नका, हे भारताने अशा निवडणुकीत जिंकणाऱ्या पक्षाला तोंडावर सांगावे, आणि अभिनंदनाचा फोन त्यानंतर लावावा.