होडी जपायची की होडी घडवणारे हात?

लोथलच्या दालनात गोव्याने काय मांडावे, याचे उत्तर किनाऱ्यावरच शोधावे लागेल

गुजरातमधील लोथल येथे राष्ट्रीय सागरी वारसा संकुल आकाराला येत आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच्या विकासाला मंजुरी दिली. पुढील टप्प्यात किनारी राज्यांची स्वतंत्र दालने होणार असून, ती उभारण्याचे काम त्या त्या राज्याकडे सोपवण्याचे नियोजन आहे. गोव्याच्या दालनात काय असावे, हा प्रश्न त्यामुळे आज ना उद्या राज्य सरकारपुढे येणारच. रांपणीची लाकडी होडी हे त्याचे सहज सुचणारे उत्तर आहे. ते योग्यही आहे. मात्र अपुरे आहे.

ही होडी म्हणजे केवळ लाकडाची वस्तू नव्हे. कोरलेल्या तळावर फळ्या चढवून त्या काथ्याच्या सुंभाने शिवण्याची पद्धत या किनाऱ्यावर पूर्वापार चालत आली. तोल सांभाळण्यासाठी बाजूला उलांडी जोडली जाई. लाटांच्या माऱ्यात आणि वाळूवर आदळताना शिवलेली होडी किंचित लवते; खिळ्यांनी जखडलेल्या होडीला ती मुभा नसते. लाकूड टिकावे म्हणून तिला तेल पाजले जाते, सुंभ झिजला की शिवण उसवून नव्याने घातली जाते. थोडक्यात, अशी होडी एकदा बांधून संपत नाही. ती सतत बांधली जात असते. संग्रहालयात गेल्यावर नेमकी हीच प्रक्रिया थांबते. खारे पाणी प्यायलेले लाकूड कोरड्या हवेत आकसते, फटी रुंदावतात, काथ्या ठिसूळ होतो. काही वर्षांनी उरतो तो होडीचा सांगाडा आणि खाली लावलेली पाटी.

भोपाळचा धडा

यावर वेगळा विचार समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या भोपाळमध्ये झाला आहे. १९७७ मध्ये स्थापन झालेले आणि पुढे भोपाळच्या श्यामला टेकड्यांवर स्थिरावलेले इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय सुमारे २०० एकरांवर पसरले आहे. त्याच्या खुल्या प्रदर्शनात आदिवासी, हिमालयीन आणि वाळवंटी वस्त्यांप्रमाणे किनारी गावही आहे. तेथील घरे ठेकेदाराने बांधलेली नाहीत. ज्या समाजाचे घर, त्याच समाजातील माणसांना बोलावून ती उभारली गेली. वस्तूइतकेच ती घडवणाऱ्याचे ज्ञान मोलाचे मानण्याची ही दृष्टी आहे. समुद्र नसलेल्या शहराला जे सुचले, ते समुद्रकाठच्या राज्याला सुचू नये असे नाही.

दिवाडीत बांधले, पण कोणी?

अलीकडचे एक उदाहरण गोव्याला अभिमान वाटावा आणि त्याच वेळी अंतर्मुख करावे असे आहे. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील चित्रावरून साकारलेले ‘कौंडिण्य’ हे शिवलेले जहाज दिवाडी येथील गोदीत बांधले गेले. सांस्कृतिक मंत्रालय, नौदल आणि येथील होडी इनोव्हेशन्स यांच्यात जुलै २०२३ मध्ये त्यासाठी करार झाला आणि २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते नौदलात दाखल झाले. गोदी गोव्याची होती. शिवणकाम मात्र बाबू शंकरन यांच्या नेतृत्वाखालील केरळच्या कारागिरांनी केले. त्यांच्या कौशल्याचे श्रेय त्यांना मिळालेच पाहिजे. परंतु ज्या किनाऱ्यावर शिवलेल्या होड्यांची स्वतःची परंपरा होती, त्याने आपले किती कारागीर राखले, हा प्रश्न यातून उभा राहतो.

याचे कारण संग्रहालयांच्या अभावात नाही, ते समुद्रातच आहे. मुक्तीनंतर यांत्रिक ट्रॉलर आले आणि रांपणकारांच्या हाती येणारी मासळी घटत गेली. सत्तरच्या दशकात माथानी साल्ढाणा यांच्यासारख्यांनी उभारलेल्या लढ्यानंतर १९८० चा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यालगतचा पाच किलोमीटरचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखीव झाला. २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. तरीही या नियमांच्या उल्लंघनाच्या तक्रारी थांबलेल्या नाहीत. दरम्यान फायबरच्या होडीने लाकडी होडीची जागा घेतली. ती हलकी असते आणि तिची देखभालही कमी लागते. मच्छीमाराने ती निवडली यात त्याचा दोष नाही. पण लाकडी होडीची मागणी आटली, की सुताराचा मुलगा दुसरे काम शोधतो. एक पिढी गेली, की मोजमाप कागदावर नसलेली ही विद्या तिच्यासोबत जाते.

डेन्मार्कमधील रोस्किल्ड येथे १९६२ मध्ये अकराव्या शतकातील पाच बुडालेल्या नौका खाडीतून काढण्यात आल्या. तेथील संग्रहालयाने त्यांचे अवशेष मांडले, शिवाय शेजारी गोदी उभारून जुन्याच हत्यारांनी प्रतिकृती बांधल्या. त्यांपैकी एक २००७ मध्ये डब्लिनपर्यंत शिडाने गेली. २०२१ मध्ये युनेस्कोने नॉर्डिक देशांतील एकावर एक फळी चढवून नौका बांधण्याच्या परंपरेची अमूर्त वारसा म्हणून नोंद केली. तो मान नौकेपेक्षा नौका बांधण्याच्या विद्येला मिळाला.

गोव्याला हे जमण्याजोगे आहे. जुन्या गोव्याच्या पुरातत्त्व संग्रहालयातील कदंबकालीन वीरगळांवर नौका कोरलेल्या आहेत. दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पारंपरिक नौकांचा अभ्यास केला आहे. आता तीन गोष्टी व्हायला हव्यात. लोथलसाठी जुनी होडी उचलून नेण्याऐवजी नवी होडी गोव्याच्या किनाऱ्यावर बांधून घ्यावी आणि तिचा प्रत्येक टप्पा मोजमापांसह चित्रित करावा. त्या कामावर तरुण शिकाऊ कारागीर मानधनावर नेमावेत आणि लाकूड मिळवण्यात वन खात्याने त्यांना साहाय्य करावे. आणि तिसरी, सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे राखीव पट्ट्याच्या कायद्याची काटेकोर अंमलबजावणी. कारण रांपण ओढणाऱ्याला मासळीच मिळाली नाही, तर होडी कोणासाठी शिवायची, याचे उत्तर कोणत्याही दालनात सापडणार नाही.