कंडरेचा घसारा कोण भरणार?

बालकामगार प्रतिबंधक कायद्यात संसदेने २०१६ साली दुरुस्ती केली. चौदा वर्षांखालील मुलास कोणत्याही धंद्यात कामाला लावता येणार नाही, असे तीत ठणकावून सांगितले आणि त्याच कलमात दोन दारे उघडी ठेवली. पहिले दार घरच्या धंद्याचे. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती. दुसऱ्या दाराची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली. जाहिराती, चित्रपट आणि दूरचित्रवाणी मालिका यांच्या पंक्तीला कायद्याने खेळ नेऊन बसविला; सर्कस तेवढी निषिद्ध ठेवली. ‘कलावंत’ या शब्दाच्या व्याख्येत खेळाडू मूल आले. पुढे २०१७ च्या नियमांनी या कलावंताच्या श्रमाची मर्यादाही ठरविली : दिवसाला पाच तास, विश्रांतीविना तीन तासांहून अधिक नाही, आणि सलग २७ दिवसांहून अधिक नाही. कमाईचा पाचवा हिस्सा मुलाच्या नावे बँकेत ठेवावा, अशीही तरतूद आहे. पैशाची सोय झाली. शरीराचे काय?

ही मापे चित्रीकरणाच्या हिशेबाने आखलेली दिसतात. दिव्यांच्या झोतात उभे राहणारे मूल थकते. पण गोलंदाजी करणारे, उड्या मारणारे, डांबरी रस्त्यावर धावणारे मूल नुसते थकत नाही. त्याच्या अंगात काय घडते, हे कायदा करणाऱ्यांनी एखाद्या शरीरशास्त्रज्ञाला विचारायला हवे होते.

वयात येण्यापूर्वी मुलाची ताकद व्यायामाने वाढते, परंतु स्नायू फारसा जाड होत नाही. मज्जातंतू त्याच स्नायूकडून अधिक काम करून घेण्यास शिकतात. वजने उचलल्याने उंची खुंटते, या जुन्या समजुतीला आधार नाही. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली केलेला बेताचा व्यायाम स्नायूला मानवतो आणि स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या दोराला, म्हणजे कंडरेलाही, मानवतो. तेव्हा मुलांनी खेळू नये असे म्हणणाऱ्यांपैकी मी नव्हे. तालमीत जाणाऱ्या पोराला घरी बसवा, असा या लेखाचा अर्थ कोणी काढू नये.

खरा धोका उंची झपाट्याने वाढते त्या दोन-तीन वर्षांत असतो. मुलींत साधारण बाराव्या वर्षाच्या आसपास, मुलांत चौदाव्याच्या. हाड आधी लांबते आणि स्नायू-कंडरेला ओढ बसते. स्नायूचे बळ वेगाने वाढते, कंडरेचा ताठरपणा मागे रेंगाळतो, आणि कंडरा जेथे हाडाला चिकटते तेथील वाढीची कूर्चा अजून मऊ असते. रोज शेकडो वेळा तोच झटका बसला की ही कूर्चा दुखावते. गुडघ्याखाली येणाऱ्या दुखऱ्या टेंगळाचे वर्णन बोस्टनच्या ऑसगुड आणि झुरिचच्या श्लॅटर या दोन शल्यचिकित्सकांनी १९०३ सालीच करून ठेवले आहे. शतक उलटले, आमच्याकडे अजून ‘वाढीचे दुखणे’ म्हणून तेल चोळले जाते आणि दुसऱ्या दिवशी पोर पुन्हा मैदानावर उभे केले जाते. हे टेंगूळ बहुधा कालांतराने शांत होते. पण विश्रांती मिळाली तर.

आता त्याहून गंभीर गोष्ट. अणुबाँबच्या चाचण्यांमुळे १९५५ ते १९६३ या काळात हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला आणि त्या वर्षांत घडलेल्या प्रत्येक पेशीजालात त्याची खूण राहिली. डेन्मार्कमधील संशोधकांनी या खुणेवरून पोटरीला टाचेशी जोडणाऱ्या कंडरेचे वय काढले. २०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष असा, की या कंडरेचा गाभा सुमारे सतराव्या वर्षापर्यंत घडतो. पुढे तो जवळजवळ नवा होतच नाही. स्नायूची मात्र आयुष्यभर डागडुजी चालू राहते.

अर्थशास्त्र शिकविण्यात माझे आयुष्य गेले, म्हणून हिशेबाच्या भाषेत सांगतो. यंत्र झिजते म्हणून कारखानदार घसारा निधी काढून ठेवतो. कंडरा हे असे भांडवल आहे, की ते एकदाच उभारता येते आणि त्याची घसारा निधीतून फेरखरेदी होत नाही. बारा वर्षांच्या मुलाचे पदक आपण उत्पन्न म्हणून मिरवतो. त्यातले मुद्दल किती खाल्ले, याची नोंद कोणत्याच वहीत नाही. पदकाचे श्रेय शाळा घेते, प्रशिक्षक घेतो, पालकमंत्री सत्काराचा नारळ देतो. गुडघा मात्र त्या मुलाच्या घरी जातो. आणि ते घर बहुधा असे असते, जेथे पुढे हमाली किंवा शेतमजुरी याच पायांवर करायची असते.

ओडिशातील बुधिया सिंग हा चार वर्षांचा मुलगा २ मे २००६ रोजी पुरीहून भुवनेश्वरच्या दिशेने सुमारे ६५ किलोमीटर धावला. सात तास. मे महिन्याच्या उन्हात. केंद्रीय राखीव पोलीस दलाचे जवान सोबत धावत होते. पुढे राज्य सरकारने त्याच्या अशा धावण्यावर बंदी घातली, तेव्हा गरिबाच्या पोराची प्रगती सरकारला पाहवत नाही, असा ओरडा झाला. हा युक्तिवाद आजही ऐकू येतो : श्रीमंतांना शिकवण्या आहेत, गरिबांना खेळ हीच शिडी आहे. क्रीडागुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. शिडी खरी आहे, हे मी नाकारीत नाही. परंतु हजारांतून एक वर पोचतो आणि उरलेल्यांच्या झिजलेल्या पायांची गणती होत नाही, अशा शिडीला समाजवादी माणसाने संधीची समानता म्हणू नये. हा मटका आहे आणि त्यात लावलेला पैसा मुलाच्या अंगातला आहे.

अमेरिकेतील बालखेळाडूंच्या पाहणीत दिसले, की आठवड्याच्या सरावाचे तास मुलाच्या वयाच्या आकड्यापलीकडे गेले की अतिवापराच्या गंभीर दुखापतींचा संभव वाढतो. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास. आमचा नियम आठवड्याला पस्तीस तास देतो! तिकडच्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली आठवड्यातून एक-दोन दिवस आणि वर्षातून एकूण तीन महिने एकाच खेळापासून सुट्टी सुचविली. आमचा नियम सलग सत्तावीस दिवस देतो. नियम बदलण्यास संसदेची नवी दुरुस्तीही लागत नाही. सरकारने मनावर घेतले तर अधिसूचनेने काम भागते.

शिवाय चौदा वर्षांखालील राष्ट्रीय शालेय स्पर्धा नेमक्या त्या नाजूक वर्षांतच भरतात. त्या वयोगटातील पदकांना बक्षिसाची रक्कम जोडणे थांबवावे. वय चोरणारा खेळाडू पकडण्यासाठी क्रिकेट मंडळ मुलांच्या मनगटाचा क्ष-किरण फोटो काढते. वाढीची कूर्चा अजून उघडी आहे की मिटली, हे त्याच फोटोत दिसते. तो फोटो सरावाचा भार ठरविणाऱ्या प्रशिक्षकाच्या टेबलावरही ठेवावा.