दहा वर्षांची हमी, दर वर्षीचा अर्ज



न्यू जर्सीत मी ज्या संस्थेत काम करते तिथे मारहाण सोसून घराबाहेर पडलेल्या दक्षिण आशियाई बायका येतात. मराठी, गुजराती, तेलुगू, बंगाली, उर्दू अशा सगळ्या भाषांतलं रडणं मी इथे ऐकलं आहे. ऐंशीच्या दशकात पुण्यात हुंडाबळीच्या केसेस घेऊन पोलीस चौकीचे उंबरठे झिजवले आणि इकडे आल्यावर तेच काम पुढे चालू ठेवलं. माझी ओळख एवढी पुरे.

२०२४ च्या एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आमची बैठक झाली. ऑक्टोबरपासून रात्रीची हेल्पलाईन बंद करायची, असं तिथे ठरलं. नवरा दारू पिऊन येतो तो रात्री आणि बाई फोन करते तीही रात्रीच, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण पैसेच नव्हते. गुन्ह्याला बळी पडलेल्यांच्या मदतीसाठी इथे १९८४ च्या कायद्याने एक केंद्रीय निधी स्थापन झाला आहे. देशभरातली आधारगृहं आणि बलात्कारितांसाठीची केंद्रं मोठ्या प्रमाणात त्यावर चालतात. २०२३ मध्ये या निधीतून खर्चाला १९० कोटी डॉलरची मुभा होती. २०२४ साठी ती १३५ कोटींवर आली.

त्याच आठवड्यात, २४ एप्रिलला, अध्यक्ष बायडेन यांनी एका जादा खर्चाच्या कायद्यावर सही केली. त्यात इस्रायलच्या नावाखाली सुमारे २६०० कोटी डॉलर होते. त्यांतले सुमारे ९०० कोटी गाझा आणि इतर ठिकाणच्या मदतकार्यासाठी होते. बाकीचे बहुतेक क्षेपणास्त्रं, तोफगोळे आणि रिकामी झालेली कोठारं भरण्यासाठी. टीव्हीवर सहीचा कार्यक्रम चालू होता आणि मी टेबलावर डायपरच्या पावत्या लावत बसले होते. आमचं अनुदान कसं मिळतं ते ऐका. आधी खर्च करायचा, मग पावत्या जोडायच्या, मग काही महिन्यांनी पैसे यायचे. पावती हरवली तर भुर्दंड आपला. एका लेकुरवाळीच्या डायपरचे पैसे मी स्वतःच्या पर्समधून भरले आहेत.

इस्रायलला मिळणारी मदत कशी जाते, तेही मग मी शोधून वाचलं. २०१६ च्या सप्टेंबरमध्ये ओबामा सरकारने इस्रायलशी एक करार केला. २०१९ ते २०२८ अशी दहा वर्षं, एकूण ३८०० कोटी डॉलर, म्हणजे वर्षाला ३८० कोटी. काँग्रेसला दर वर्षी मंजुरी द्यावी लागते, पण ती मिळणार हे गृहीतच असतं. शस्त्रखरेदीसाठीची मुख्य रक्कम इतर देशांसारखी हप्त्याहप्त्याने जात नाही. मंजुरीनंतर महिन्याभरात ती एकरकमी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या खात्यात जमा होते आणि तिच्यावर व्याजही मिळतं. एकीकडे दहा वर्षांची हमी आणि आगाऊ पैसे, दुसरीकडे दर वर्षी नवा अर्ज आणि पैसे मागाहून.

आता कुणी म्हणेल, बाई, दोन वेगळ्या गोष्टींची सांगड घालताय. मुद्दा रास्त आहे, म्हणून हिशोब नीटच मांडते. आमचा निधी करातून येतच नाही, तो गुन्हेगार कंपन्यांकडून वसूल केलेल्या दंडातून येतो आणि दंडाची वसुली घटली होती. म्हणजे आमचे पैसे उचलून कुणी शस्त्रांवर घातले, असं झालेलं नाही. शिवाय अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या एकूण खर्चात ३८० कोटी म्हणजे शंभर डॉलरमागे सहा सेंटही होत नाहीत. ही मदत उद्या थांबवली म्हणून गरिबी हटणार नाही. २०२१ मध्ये इथे मुलांसाठी दरमहा पैसे थेट घरी पोचवणारी योजना सहा महिने चालली. सरकारच्याच जनगणना खात्याच्या आकड्यांनुसार बालगरिबी त्या वर्षी ५.२ टक्क्यांपर्यंत खाली आली. योजना बंद पडली आणि २०२२ मध्ये ती १२.४ टक्के झाली. ही योजना पुढे चालवायला इस्रायलच्या मदतीच्या कितीतरी पट पैसा लागला असता. खोटी बेरीज मांडली तर आपल्याच मुद्द्यातली हवा जाते.

तरीही माझा प्रश्न उरतोच. आमच्या निधीतली तूट ५५ कोटींची होती, त्या ३८० कोटींच्या साधारण सातव्या हिश्शाएवढी. काँग्रेसला ती करातून भरून काढता आली असती. तेवढी निकड कुणाला वाटली नाही. शस्त्रांसाठी मात्र जादा कायदा करण्याइतकी निकड वाटली. घरातला कर्ता पुरुष ‘पैसे नाहीत’ म्हणतो तेव्हा पैसे खरोखरच नसतात असं नाही, हे आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. कुणाच्या खर्चाला प्रश्न विचारायचा नाही, हे त्या घरात आधीच ठरलेलं असतं.

मंडळाच्या गणपतीत हा विषय निघाला तेव्हा एक ओळखीचे गृहस्थ म्हणाले, “अहो ताई, ते पैसे बाहेर जातच नाहीत. शस्त्रं इथल्याच कारखान्यांतून घ्यावी लागतात. आपल्याच मुलांना नोकऱ्या मिळतात.” त्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. पूर्वी इस्रायलला मदतीचा सुमारे चौथा हिस्सा स्वतःच्या देशात खर्चता येत असे. नव्या करारानुसार ती सवलत २०२८ पर्यंत संपते. म्हणजे ही मदत इथल्या शस्त्रकंपन्यांची खात्रीची मागणीही आहे. पण नोकऱ्यांचाच हिशोब करायचा तर मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये तो केला आहे. १०० कोटी डॉलर लष्करावर खर्चले तर सुमारे ११,२०० नोकऱ्या निर्माण होतात. तेच आरोग्यावर खर्चले तर १७,२०० आणि शिक्षणावर २६,७००. परिचारिका आणि शिक्षिका कोण असतात, ते मी त्या गृहस्थांना विचारलं. त्यांनी प्रसादाचं ताट पुढे केलं.

पैशापेक्षाही मला जास्त बोचतात त्या दोन गोष्टी वेगळ्याच आहेत. पहिली न्यायाची. वॉशिंग्टन राज्यातली रेचल कॉरी ही २३ वर्षांची मुलगी १६ मार्च २००३ रोजी गाझातल्या रफाहमध्ये पॅलेस्टिनी घरं पाडण्याला विरोध करत उभी होती. इस्रायली लष्कराच्या बुलडोझरखाली ती चिरडली गेली. चालकाला ती दिसलीच नाही, असं लष्कर म्हणालं. तिच्यासोबतच्या कार्यकर्त्यांनी ते मानलं नाही. बुलडोझर अमेरिकन कंपनीचा होता. आईवडिलांनी आणि काही पॅलेस्टिनी कुटुंबांनी मिळून त्या कंपनीवर अमेरिकेत दावा लावला. २००७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो फेटाळला. बुलडोझरचे पैसे अमेरिकन सरकारनेच भरले होते, म्हणून दाव्याचा निकाल द्यायचा तर सरकारच्या परराष्ट्र धोरणाचा न्याय करावा लागेल आणि तो आमचा अधिकार नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. विचार करा, सख्यांनो. कॉरी कुटुंब याच देशाचं नागरिक होतं. सरकारने नागरिकांच्या नावाने मदत दिली आणि त्या मदतीमुळेच या नागरिकांना कोर्टाचं दार बंद झालं. मानवी हक्कांचं घोर उल्लंघन करणाऱ्या परकीय लष्करी तुकड्यांना मदत देऊ नये, असा कायदा १९९७ पासून इथे आहे. सिनेटर लेही यांच्या नावाने तो ओळखला जातो. पण वापरण्याची इच्छा नसली की कायद्याचा नुसता कागद उरतो. आपल्याकडे ४९८-अ कलमाच्या बाबतीत हा अनुभव कुणाला आला नाही?

दुसरी गोष्ट तोंड बंद करण्याची. टेक्सासमध्ये बहिया अमावी नावाची बाई शाळेत लहान मुलांना बोलायला शिकवण्याचं, वाचादोष दूर करण्याचं काम नऊ वर्षं करत होती. २०१८ मध्ये तिच्या कराराच्या नूतनीकरणात एक नवं कलम आलं. ‘मी इस्रायलवर बहिष्कार घालत नाही आणि घालणार नाही’ असं लिहून द्यायचं. तिने नकार दिला आणि काम गमावलं. २०१९ मध्ये न्यायाधीशांनी त्या कायद्याला स्थगिती दिली, मग विधिमंडळाने एकट्या व्यक्तींना त्यातून वगळलं. पण असे बहिष्कारविरोधी नियम तीसहून अधिक राज्यांत झाले आहेत. मित्रदेशाला दिलेल्या मदतीबद्दल बोलायचं की नाही हा प्रश्न एका शिक्षिकेच्या भाकरीपर्यंत येऊन पोचतो, तो असा.

आणि आमच्यापर्यंतही पोचला. २०२३ च्या शरद ऋतूत युद्धबंदीची मागणी करणारं एक पत्र आमच्याकडे सहीसाठी आलं. ७ ऑक्टोबरला हमासने केलेल्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसं मारली गेली होती, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली होती आणि स्त्रियांवर लैंगिक अत्याचार झाले होते. पत्राने त्याचाही निषेध केला होता आणि गाझावरची बाँबफेक थांबवा असंही म्हटलं होतं. मला त्यात गैर काही दिसलं नाही. पण देणगीदार बिथरतील, सरकारी अनुदान धोक्यात येईल, हेल्पलाईन बंद पडेल, असं बैठकीत म्हटलं गेलं. मत घेतलं. संस्थेने सही करू नये, या बाजूने मी हात वर केला.

हे कबूल करायलाच मी आज लिहायला बसले. गप्प राहिलो तर हेल्पलाईन वाचेल असं मला वाटलं होतं. सहा महिन्यांनी ती बंद करण्याचा ठराव आम्ही केलाच, आणि तोंड उघडायची सवयही गेली. पुढे २०२५ च्या मार्चमध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये एका तुर्की विद्यार्थिनीला साध्या वेशातल्या अधिकाऱ्यांनी भर रस्त्यात पकडलं. विद्यापीठाच्या वृत्तपत्रात गाझाबद्दलच्या एका लेखावर सहलेखिका म्हणून तिचं नाव होतं. सहा आठवड्यांनी कोर्टाने तिला सोडलं. आमच्याकडे येणाऱ्या कित्येकींचा व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवर टांगलेला असतो. त्यानंतर त्यांतली एक मला विचारत होती, “ताई, पोलिसात तक्रार केली तर माझंही नाव कुठे जाईल का?” त्या दोन गोष्टींचा संबंध नाही हे मी तिला समजावलं. पण भीती कागदपत्रं तपासून येत नाही.

ही मदत संरक्षणासाठी असते, इस्रायलच्या बायकांनाही क्षेपणास्त्रांपासून आसरा हवा, असं मला सांगितलं जातं. हवाच. पण १९८८ मध्ये जेरुसलेमच्या चौकात काळे कपडे घालून कब्जाविरुद्ध उभ्या राहिल्या त्या ‘विमेन इन ब्लॅक’ इस्रायलच्याच बायका होत्या. नव्वदच्या दशकात बंगळुरूच्या बायकाही तशाच उभ्या राहिल्या, हे तुमच्यापैकी जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. शस्त्रांनी आपण सुरक्षित होतो का, हा प्रश्न त्या आपल्या घरात उभं राहून विचारत आल्या आहेत. मी तो माझ्या घरात विचारला नाही.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचं दुखणं, आम्हांला कशाला? भारतानेही २०१६ मध्ये व्हिएतनामला संरक्षण खरेदीसाठी ५० कोटी डॉलरचं कर्ज जाहीर केलं, २०१७ मध्ये बांगलादेशला तेवढंच आणि २०२१ मध्ये मॉरिशसला १० कोटी डॉलरचं. ही कर्जं आहेत, दान नव्हे. त्या देशांशी मैत्री असू नये असंही मी म्हणत नाही. पण आपल्या किती शिबिरांत यावर चर्चा झाली? २०२३ च्या डिसेंबरात महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांना मानधनासाठी बेमुदत संपावर जावं लागलं. त्यांना दहा वर्षांची हमी कुणी का देत नाही, एवढा प्रश्न तरी आपल्याला विचारता येईल. परराष्ट्र धोरण हा आपला विषय नाही, असं आपण धरून चाललो आहोत. घरातली मारहाणही एके काळी ‘घरातली बाब’च होती. ती आपण चव्हाट्यावर आणली.

पुढच्या महिन्यात आमच्या संस्थेची वार्षिक सभा आहे. संस्था कुठल्या विषयावर जाहीर भूमिका घेऊ शकते, यावर चर्चा व्हावी असा ठराव मी मांडणार आहे. तो मंजूर होईलच असं नाही. या वेळी हात कुणाच्या बाजूने वर करायचा ते मात्र मी ठरवलं आहे.