निवेदक वाचला म्हणून काय झाले?



गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे असे की, 'मी' गोष्ट सांगतो आहे म्हणजे तो जिवंत उरला. मग उत्कंठा कसली? शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्ण स्वतःच बोलतो. तो मरणार, हे मराठी वाचकाला पुस्तक उघडण्याआधीच ठाऊक असते. तरी ते हातातून सुटत नाही.

खरी अडचण दोन 'मीं'ची आहे: एक भोगणारा, दुसरा सांगणारा. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?'मधली यमू लहानपण सांगते ते मोठेपणी. सगळे भोगून बसलेल्या बाईला काहीच न कळणाऱ्या पोरीचे कुतूहल राखायचे असते. पुढचे थोडे सुचवले तर हुरहूर वाढते, फार सांगितले तर प्रसंगच फसतो. हरिभाऊ पाल्हाळ लावतात, हे मान्य. पण हा तोल सहसा ढळू देत नाहीत.

पत्रलेखकांनी सुचवलेला वर्तमानकाळ म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर! 'मी धावतो, मी पडतो' हे धावता-पडता लिहितो कोण? शिवाय मागे वळून पाहायला जागाच उरत नाही. आणि पश्चात्ताप, सारवासारव, स्वतःशीच केलेली लबाडी ही तर प्रथमपुरुषी निवेदनाची खरी मिळकत.

— एक वाचक, सातारा