निर्मळ दिसणारें पाणी

अमेरिकेंत स्थायिक झालेल्या एका वाचकभगिनीचें पत्र आम्हांस आलें आहे. त्यांच्या चिरंजीवांनीं घरीं कांचेच्या पेटींत खारें पाणी भरून मासे व जिवंत प्रवाळ पाळले आहेत; दर रविवारीं त्यांतील कांहीं पाणी उपसून नवें घालण्याचा त्यांचा परिपाठ आहे. भगिनी विचारतात, 'पाणी स्फटिकासारखें स्वच्छ दिसत असतां हा खटाटोप कशासाठीं? आटेल तितकें वरून भरलें म्हणजे पुरे नाहीं काय?' प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं; त्या पेटींतील जीवांचे प्राण त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

प्रवाळ हा दगड नव्हे, वनस्पतीहि नव्हे. तो प्राणी आहे. पाण्यांत विरलेलें कॅल्शियम घेऊन दगडी प्रवाळ आपला सांगाडा रचतो. समुद्रांत भरतीओहोटी व प्रवाह त्याच्या भोंवतालचें पाणी अहोरात्र पालटीत असतात. पेटीला भरती नाहीं. माशांची विष्ठा व उरलेलें अन्न यांपासून अमोनिया होतो. सूक्ष्म जंतु त्याचें नायट्राइट व पुढें नायट्रेट करितात. अमोनिया तर जहाल विषच. नायट्रेट त्या मानानें सौम्य, पण तें सांठत जातें, शेवाळ माजवितें आणि प्रवाळास क्षीण करितें. यांपैकीं एकहि द्रव्य डोळ्यांस दिसत नाहीं.

आतां वरून भरण्याविषयीं. पाणी आटतें तेव्हां केवळ पाणीच उडून जातें. मीठ मागें राहतें. म्हणून आटलेल्या पाण्याच्या जागीं शुद्ध गोडें पाणीच घालावें. खारें घातल्यास क्षार वाढत जाईल. परंतु यानें सांठलेला मळ तिळभरहि कमी होत नाहीं. भरणें व बदलणें हीं दोन भिन्न कर्में आहेत.

थोडें गणित करूं. समजा, दर आठवड्यास लिटरामागें २ मिलिग्रॅम नायट्रेट वाढतें. कांहींच न केल्यास वर्षाखेर तें १०४ होईल. दर आठवड्यास शेंकडा १० पाणी बदलल्यास मात्र वाढ हळूहळू २० वर थांबेल. कारण २० चा दहावा भाग २, म्हणजे जितकें येतें तितकेंच जातें. सहा महिने आळस करून एके दिवशीं अर्धें पाणी बदलणाऱ्याचें ५२ चें २६ होईल खरें. पण असा एकाएकीं झालेला पालट प्रवाळास सहसा सोसत नाहीं.

नवें पाणी आदल्या दिवशीं निराळ्या बालदींत करावें. क्षार व क्लोरीन काढलेलें शुद्ध पाणी घेऊन त्यांत प्रवाळांसाठीं मिळणारें समुद्री मीठ लिटरास सुमारें ३५ ग्रॅम या बेतानें विरघळवावें. स्वयंपाकाचें मीठ चालत नाहीं, कारण त्यांत समुद्रांतील मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादि योग्य प्रमाणांत नसतात. पाणी ढवळत ठेवावें, आणि त्याची उष्णता व खारेपणा पेटींतल्याशीं जुळल्यावरच ओतावें. दगडी प्रवाळ दाट असल्यास एवढ्यानें कॅल्शियमची भरपाई होत नाहीं. तें वेगळें द्यावें लागतें.

हा कष्टाचा नेम नवा नाहीं. १८४६ सालीं अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनीं टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला नेले. आरंभीं त्या दिवसाआड नवें समुद्रजल घालीत. तें मिळेनासें झालें तेव्हां त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीशीं तेंच पाणी या भांड्यांतून त्या भांड्यांत ओतीत राही, म्हणजे त्यांत हवा मिसळे. प्रवाळ जगले, यांत त्या मोलकरणीच्या हातांचा वांटा मोठा होता.

हें वाचून येथील मुलांनीं मात्र हट्ट धरूं नये. भारतांत दगडी प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचें कडक संरक्षण आहे. मालवणच्या समुद्रांतले प्रवाळ तेथेंच पाहावेत.

भगिनींस आमचें सांगणें इतकेंच कीं, चिरंजीवांचा रविवारचा खटाटोप मोडूं नये. ते परगांवीं गेले तर त्या आठवड्यापुरती बालदी आपण उचलावी.