चूक कार्यालयाची, वसुली वृद्धाची

सरकारी दप्तरात ‘अतिप्रदान’ असा एक भारदस्त शब्द आहे. देय होते त्याहून अधिक दिले गेले, एवढाच त्याचा अर्थ. पण हा शब्द ज्या दिवशी निवृत्त माणसाच्या घरी टपालाने येऊन पोहोचतो, त्या दिवशी त्या घराची झोप उडते. तीस-पस्तीस वर्षे ज्या खात्यात सचोटीने चाकरी केली, त्याच खात्याचे आपण देणेकरी आहोत. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची वेतननिश्चिती चुकली होती. तेव्हापासून जादा उचललेली रक्कम इतकी होते आणि ती उपदानातून अथवा मासिक निवृत्तिवेतनातून वळती करण्यात येत आहे, असे त्या पत्रात लिहिलेले असते. कित्येकदा पत्रही येत नाही. बँकेत पासबुक भरून घेतल्यावर रक्कम कमी दिसते आणि चौकशीअंती कारण कळते.

ही चूक होते कशी, हे मुळातून समजून घेतले पाहिजे. दर वेतन आयोगानंतर प्रत्येक कर्मचाऱ्याचे वेतन नव्या श्रेणीत बसवावे लागते. महाराष्ट्रात पाचव्या आयोगाच्या श्रेणी १९९६ पासून, सहाव्याच्या २००६ पासून आणि सातव्याच्या २०१६ पासून लागू झाल्या. मधल्या काळात कालबद्ध पदोन्नती, आश्वासित प्रगती योजना, संगणक अर्हतेची परीक्षा विहित मुदतीत उत्तीर्ण होण्याची अट, तिच्याशी जोडलेल्या वेतनवाढी अशी गुंतागुंत वाढत गेली. हा सारा हिशेब आस्थापना शाखेतील लिपिक करतो, कार्यालयप्रमुख त्यावर स्वाक्षरी करतो आणि वेतन पडताळणी पथकाने तो तपासावा अशी व्यवस्था आहे. कर्मचाऱ्याचे मूळ सेवापुस्तक या काळात कार्यालयाच्या कपाटात असते. एखादी वेतनवाढ एक वर्ष आधी दिली गेली, तर ते त्या कर्मचाऱ्याला कळण्याचा संभव किती? आपल्याला पगार किती मिळतो हे त्याला ठाऊक असते. किती मिळायला हवा होता, हे ठरवणारे निर्णय, परिपत्रके आणि शुद्धिपत्रके मात्र खुद्द ते ठरवणाऱ्यांनाही एकत्र सापडत नाहीत.

पडताळणी वेळच्या वेळी झाली, तर प्रश्न उरणार नाही. वर्ष-दीड वर्षात चूक लक्षात आली, तर वसुलीची रक्कम काही हजारांत असते, माणूस नोकरीत असतो आणि ती फेडणे त्याला जड जात नाही. पण अनेक कार्यालयांत सेवापुस्तक खऱ्या अर्थाने उघडले जाते ते निवृत्ती तोंडावर आली की. निवृत्तिवेतनाचा प्रस्ताव महालेखापालांकडे जायचा असतो, तेव्हा कुठे धूळ झटकली जाते आणि वीस वर्षांपूर्वीची एक नोंद खटकते. तोवर एका चुकीच्या वेतनवाढीवर पुढच्या साऱ्या वाढी, महागाई भत्ता आणि घरभाडे चढलेले असते. हजारांचे लाख झालेले असतात आणि ते फेडायची वेळ येते ती नेमकी मिळकत निम्म्यावर आल्यावर.

मध्यमवर्गीय घरात उपदानाची रक्कम हाती येण्याआधीच तिची वाटणी झालेली असते. कर्जाचा उरलेला हप्ता, मुलीचे लग्न, गावाकडच्या घराचे छप्पर, पत्नीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. त्यातून दोन-तीन लाख गेले, तर यातले एखादे काम होत नाही, एवढे सरळ गणित आहे. याहून मोठी जखम मात्र पैशाची नसते. आयुष्यभर कुणाचे चार आणे बुडवले नाहीत, उधारीच्या वहीत नाव येऊ दिले नाही, हा या माणसाचा अभिमान असतो. त्याच्या नावावर सरकार ‘वसूलपात्र रक्कम’ लिहिते, तेव्हा तो शेजाऱ्याला सांगू शकत नाही, मुलालाही मोकळेपणाने सांगत नाही. अनेक जण भांडण्याऐवजी निमूट स्वाक्षरी करून मोकळे होतात, ते या लाजेपोटी. कुटुंबनिवृत्तिवेतनावर जगणाऱ्या विधवेची स्थिती तर अधिकच बिकट. पतीच्या वेतननिश्चितीचा तपशील तिने कधी पाहिलेला नसतो आणि खुलासा मात्र तिच्याकडे मागितला जातो.

सरकारची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही मान्य केले पाहिजे. पैसा करदात्यांचा आहे. चुकीने दिला गेला म्हणून तो घेणाऱ्याचा होत नाही. २०१२ मध्ये उत्तराखंडमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितले होते. खोटी माहिती देऊन वा कागदात फेरफार करून ज्याने जादा वेतन मिळवले, त्याच्याकडून पै न् पै वसूल व्हावी आणि कारवाईही व्हावी. चूक सापडल्यावर यापुढचे वेतन वा निवृत्तिवेतन नियमानुसार दुरुस्त करण्यासही कुणाची हरकत असण्याचे कारण नाही. वाद आहे तो मागच्या रकमेचा, आणि तोही ज्याने काही लपवले नाही, काही मागितले नाही अशा माणसाकडून ती वसूल करण्याचा.

या वादाचे उत्तर न्यायालयांनी कधीच दिले आहे. निवृत्तिवेतन ही राज्याने घातलेली भीक नाही, तो हक्क आहे, हे १९७१ मध्ये देवकीनंदन प्रसाद खटल्यात ठरले. १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्यात सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने ते अधिक ठामपणे मांडले. तो दिवस निवृत्तिवेतनधारक आजही साजरा करतात. पुढे १८ डिसेंबर २०१४ रोजी पंजाब राज्य विरुद्ध रफिक मसीह या खटल्यात न्या. जगदीशसिंह खेहर आणि न्या. अरुण मिश्रा यांच्या पीठाने वसुली कुठे करता येणार नाही, हे स्पष्ट केले. तृतीय आणि चतुर्थ श्रेणीचे कर्मचारी. निवृत्त झालेले वा वर्षभरात निवृत्त होणारे. वसुलीच्या आदेशापूर्वी पाच वर्षांहून अधिक काळ जादा रक्कम मिळत राहिली असे प्रकरण. वरच्या पदाचे काम करून घेऊन त्या पदाचे वेतन दिले गेले असे प्रकरण. आणि वसुली अन्यायकारक, कठोर वा मनमानी ठरेल अशी कोणतीही स्थिती. केंद्राच्या कार्मिक विभागाने मार्च २०१६ मध्ये हा निर्णय आपल्या कार्यालयांना कळवला. केरळमधील एका निवृत्त शिक्षकाच्या प्रकरणात मे २०२२ मध्ये आणि ओडिशातील निवृत्त न्यायालयीन कर्मचाऱ्यांच्या प्रकरणात एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितले. यातल्या शेवटच्या प्रकरणात वसुलीचा आदेश जिल्हा न्यायालयाच्याच प्रशासनाचा होता. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा.

प्रश्न असा, की एवढे निवाडे होऊनही तीच पत्रे का निघतात? कारण उघड आहे. वसुलीचे पत्र काढणाऱ्या अधिकाऱ्याला काही गमवावे लागत नाही. पत्र काढले नाही, तर लेखापरीक्षणात आक्षेप येईल अशी भीती त्याला असते. पत्र काढले आणि न्यायालयाने ते रद्द केले, तर त्याच्या खिशाला झळ लागत नाही. वकिलाचा खर्च सरकारच्या बाजूने सरकार करते आणि वृद्धाच्या बाजूने वृद्ध. शंभरातले जे पाच-दहा न्यायालयात जातात त्यांना दिलासा मिळतो, उरलेले भरून टाकतात.

त्यातच एक पळवाट हाती लागली आहे. नव्या श्रेणीत वेतन बसवताना कर्मचाऱ्याकडून वचनपत्र घेतले जाते, की जादा प्रदान झाल्याचे आढळल्यास मी ते परत करीन. जुलै २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरियाणातील एका न्यायिक अधिकाऱ्याच्या प्रकरणात असे वचन बंधनकारक मानले. तो अधिकारी वरिष्ठ श्रेणीतला, कायदा जाणणारा होता. त्या निर्णयाचा आधार घेऊन आता शिपाई आणि कनिष्ठ लिपिक यांच्या वचनपत्रांवरही बोट ठेवले जाते. स्वाक्षरी केली नसती, तर नवे वेतनच मिळाले नसते. अशा स्वाक्षरीला स्वेच्छा म्हणायचे असेल, तर शब्दकोश बदलावा लागेल. त्याहून चमत्कारिक म्हणजे निवृत्तीनंतर उपदान लवकर सुटावे म्हणून घेतलेली संमतिपत्रे. माणूस अडलेला असतो, तेवढ्यात कागद पुढे सरकवला जातो.

राज्याच्या स्वतःच्या नियमांतही कार्यपद्धती लिहिलेली आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ मधील १३४-अ हा नियम वसुलीची मुभा देतो. पण निवृत्तिवेतनधारकाला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी दिली पाहिजे, हे त्याच नियमात आहे. हप्ते बांधून देता येतात आणि निवृत्तिवेतन किमान मर्यादेखाली जाता कामा नये, हेही आहे. केंद्राच्या १९७२ च्या नियमांत एकदा मंजूर झालेले निवृत्तिवेतन लेखनदोष असल्याखेरीज धारकाचे नुकसान होईल असे बदलता येत नसे, आणि दोन वर्षांनंतर तर संबंधित विभागाच्या संमतीशिवाय लेखनदोषही दुरुस्त करता येत नसे. २०२१ च्या नव्या नियमांतही हे संरक्षण राखले आहे. नियम आहेत, ते वाचून पत्र काढले जात नाही, एवढेच.

बँकांचा उत्साह तर त्याहून मोठा. आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या, पंच्याऐंशी वर्षांच्या एका गृहस्थांचे निवृत्तिवेतन एका राष्ट्रीयीकृत बँकेने परस्पर कमी केले आणि साडेतीन लाखांहून अधिक रकमेची वसुली सुरू केली. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ऑगस्ट २०२० मध्ये बँकेला खडसावले. निवृत्तिवेतन ठरवणे हे नियोक्त्याचे काम, बँकेचे नव्हे. निवृत्तिवेतन ही घटनेच्या ३००-अ कलमाखालील मालमत्ता आहे आणि कायद्याच्या अधिकाराशिवाय तिला हात लावता येणार नाही, असे सांगून कापलेली रक्कम परत करण्याचा आणि वर पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश दिला. येथे एक गोष्ट आवर्जून आठवते. १८७१ च्या निवृत्तिवेतन कायद्याने सावकाराला निवृत्तिवेतनावर जप्ती आणण्यास मनाई केली. परक्यांच्या राजवटीत सावकाराला जे करता येत नव्हते, ते स्वराज्यात एखादी शाखा संगणकाच्या एका कळीने करते.

वृद्धांचा सांभाळ ही कल्पना या देशाला कुणाकडून उसनी घ्यावी लागलेली नाही. बालक, वृद्ध, रोगी आणि अनाथ यांचे पोषण राजाने करावे, असे कौटिल्याने अर्थशास्त्रात सांगितले. कामावर असताना मृत्यू पावलेल्या सेवकाच्या पत्नी-मुलांना वेतन आणि शिधा मिळावा, असेही. शुक्रनीतीत चाळीस वर्षे सेवा केलेल्यास पुढे कामाविना अर्धे वेतन देण्याचे विधान आहे. त्या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद असले, तरी विचार स्पष्ट आहे. मराठेशाहीत लढाईत पडलेल्यांच्या मुलांसाठी ‘बालपरवेशी’ दिली जाई. दत्तोपंत ठेंगडी यांनी १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ स्थापन केला. देशहितासाठी काम आणि कामाचा पूर्ण मोबदला या दोन्ही गोष्टी त्या संघटनेने एकाच घोषणेत बांधल्या. पूर्ण मोबदला म्हणजे दिलेला मोबदला वीस वर्षांनी परत मागायचा नाही, हे त्यात आलेच.

ज्यांच्या घरी असे पत्र आले आहे, त्यांनी आधी एक करावे: घाईने कशावरही स्वाक्षरी करू नये. कोणत्या दिनांकाची कोणती वेतननिश्चिती, कोणत्या शासन निर्णयानुसार चुकीची ठरवली, याचा वर्षवार तक्ता लेखी मागावा. सेवापुस्तकाची प्रत नसेल, तर माहिती अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. उत्तरात रफिक मसीह निर्णयाचा आणि आपण कोणत्या प्रकारात बसतो याचा उल्लेख असावा. दाद मागण्याच्या जागाही वेगवेगळ्या आहेत. राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांना मुंबई, नागपूर वा छत्रपती संभाजीनगर येथील प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे सामान्यतः वर्षभरात जावे लागते. जिल्हा परिषदेचे कर्मचारी आणि अनुदानित शाळांचे शिक्षक यांना उच्च न्यायालयाचा मार्ग आहे. सत्तरीतल्या माणसाने हे एकट्याने करावे, ही अपेक्षा मात्र चुकीची. तालुक्याच्या गावी निवृत्त लेखाधिकारी असतात, वकील असतात, हाताशी वेळ असलेले कार्यकर्ते असतात. आठवड्यातून एक संध्याकाळ कार्यालयात एक टेबल मांडून तीन जण बसले, तर कित्येकांचे उत्तर तिथेच लिहून होईल. वस्तीतल्या वृद्धाकडे जाऊन पत्र वाचून देणे हेही सेवाकार्यच आहे.

शासनाने करावयाचे काम तर याहून सोपे आहे. पडताळणी निवृत्तीच्या आदल्या वर्षी न करता वेतननिश्चितीनंतर वर्षभरात व्हावी. ज्या प्रकारांत न्यायालयाने वसुलीस मनाई केली आहे, त्यांत वसुलीचे पत्र काढणाऱ्याला जबाबदार धरावे. केंद्राचा आठवा वेतन आयोग २०२५ मध्ये न्या. रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली नेमला गेला. त्याच्या शिफारशींनंतर राज्यातही नव्या श्रेणींची मागणी येणार आणि लक्षावधी सेवापुस्तकांत नव्या नोंदी कराव्या लागणार. त्या नोंदींसोबत वचनपत्राचा छापील नमुनाही पुन्हा फिरेल. जादा रक्कम किती वर्षांपर्यंत मागता येईल, याची मर्यादा त्या नमुन्यात घालण्यासाठी वित्त विभागाला एक ओळ वाढवावी लागेल.