वाटणी

दिवाळीची मोठी खरेदी दर पिढीला बदलत आली आहे. आजोबांनी रेडिओ आणला, वडिलांनी फ्रिज आणि टीव्ही आणला, आणि आता लॅपटॉप येतो. कुणाचा मुलगा इंजिनिअरिंगला गेलेला असतो, कुणाच्या सूनबाई घरूनच ऑफिस सांभाळतात. शिवाय १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी थांबल्यापासून जुनी यंत्रे बदलायला एक चांगले निमित्तही मिळाले आहे. पाडव्याचा मुहूर्त साधून खोके घरी येते, लॅपटॉपच्या झाकणावर कुंकवाचे बोट उमटते, पेढे वाटले जातात, आणि मग घरातला जाणकार पुढे सरसावतो.

असा एक जाणकार प्रत्येक घराण्यात असतोच. बहुधा तो भाचा असतो. तो यंत्र सुरू करतो, दोन-चार ठिकाणी बोटे फिरवतो आणि कपाळाला आठी घालून विचारतो, "मामा, नुसती सी ड्राइव्ह? पार्टिशन करून नाही घेतलंत?" नव्या फ्लॅटच्या खिडक्यांना गज नाहीत असे पाहिल्यावर पाहुणे ज्या सुरात बोलतात, तोच हा सूर. पार्टिशन म्हणजे काय हे मामांना नीटसे ठाऊक नसते. पण भाच्यापुढे अज्ञान कसे दाखवायचे? ते म्हणतात, "कर बाबा, तुला योग्य वाटेल ते."

पार्टिशन म्हणजे वाटणी. आपल्या मराठीत 'वाटणे' या क्रियापदाची मोठी गंमत आहे. पेढे वाटतात, चटणीही वाटतात, आणि मनाला काहीबाही वाटते तेही वाटणेच. यातले चटणीचे वाटणे सोडून देऊ. पण बाकीचे दोन अर्थ लॅपटॉपच्या बाबतीत एकमेकांत असे काही मिसळून गेले आहेत की विचारू नका. डिस्कची वाटणी केली की माणसाला सुरक्षित वाटू लागते. या दुसऱ्या वाटण्यात तथ्य किती, एवढेच आज पाहायचे आहे.

मुळात ही वाटणी होते कशी? डिस्क म्हणजे एक मोठा मोकळा दिवाणखाना समजा. त्याच्या दाराशी एक छोटा तक्ता लावलेला असतो. अमुक जागेपासून तमुक जागेपर्यंत सी, तिथून पुढे डी, असे त्यावर लिहिलेले असते. झाले, हीच वाटणी! विटा नाहीत, चुना नाही, गवंडी नाही. संगणक तो तक्ता वाचतो आणि एकाच दिवाणखान्याला दोन खोल्या समजून वागतो. आपल्यालाही पडद्यावर दोन ड्राइव्ह दिसतात आणि यंत्रात दोन वस्तू आहेत असा आपला ग्रह होतो. वस्तू एकच असते.

आता, अक्षरांची सुरुवात सीपासून का? ए आणि बी कुठे गेले, असा प्रश्न चौकस मुले विचारतात. ए आणि बी ही दोन अक्षरे फ्लॉपीच्या खणांसाठी राखलेली होती. फ्लॉपी इतिहासजमा झाली, पण तिची दोन आसने अजून रिकामी आहेत. पंक्तीत वडीलधाऱ्यांचे पाट तसेच मांडलेले असावेत, त्यातला हा प्रकार. १९८३ साली आयबीएमचा 'पीसी एक्सटी' आला तेव्हा त्यात १० मेगाबाइटची डिस्क होती. आजच्या फोनवर काढलेल्या दोन-तीन फोटोंत ती भरून जाईल. पण त्या काळी ते मोठे वैभव होते. पुढे डिस्क मोठ्या झाल्या आणि त्या काळची डॉस ही कार्यप्रणाली मात्र एका विभागात ३२ मेगाबाइटपेक्षा जास्त जागा ओळखीना. मग भिंती घालण्यावाचून गत्यंतरच उरले नाही. ही मर्यादा वाढली, पण २ गिगाबाइटपाशी येऊन पुन्हा अडली. १९९६ साली विंडोज ९५ च्या सुधारित आवृत्तीत नवी पद्धत आली तेव्हा कुठे ती अडचण सुटली. म्हणजे वाटणी हा त्या काळी कुणाचा शौक नव्हता. ती यंत्राची सक्ती होती.

आपल्याकडे या सक्तीची रूढी झाली. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून संगणक जुळवून घेण्याचे ते दिवस पुष्कळांना आठवत असतील. विंडोज वरचेवर आजारी पडायचे, आणि दर वेळी तंत्रज्ञ येऊन एकच जालीम उपाय करायचा. 'फॉरमॅट मारून देतो,' तो म्हणायचा. फॉरमॅट मारले की सी ड्राइव्ह धुऊन निघे; पण डीवरची गाणी, फोटो आणि मुलांचे प्रकल्प जागच्या जागी राहत. तेव्हा 'आपले सामान डीवर ठेवावे' हे वचन घरोघरी पाठ झाले, आणि त्यात शहाणपण होते. आजही विंडोज नव्याने घालताना 'फक्त विंडोज असलेली ड्राइव्ह पुसायची की सगळ्या?' असे यंत्र विचारते. तिथे पहिला पर्याय निवडला तर डी वाचते. एकाच लॅपटॉपवर विंडोजच्या जोडीला लिनक्स ठेवायचे असेल, तरीही दोघांना वेगवेगळी जागा लागतेच. तात्पर्य, भाचा अगदीच चूक नसतो.

घोटाळा होतो तो पुढे. या खऱ्या उपयोगाच्या शेजारी तीन समजुती येऊन बसल्या आहेत.

पहिली समजूत अशी की वाटणीने यंत्र वेगाने चालते. जुन्या डिस्कमध्ये खरोखरीच तबकडी फिरत असे आणि वाचणारी सुई तिच्यावर मागेपुढे धावत असे. तेव्हा कोणते सामान कुठे ठेवले याने थोडाफार फरक पडे. हल्लीच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये एसएसडी असते. तिच्यात ना तबकडी, ना सुई. नुसत्या चिपा असतात. चिपेतल्या प्रत्येक कप्प्याला किती वेळा लिहावे-पुसावे याला मर्यादा असते, म्हणून आतला नियंत्रक मजकूर सगळीकडे सारखा पसरवत राहतो. एकाच कोपऱ्याची झीज होऊ नये, हा त्याचा हेतू. तेव्हा तुमच्या सीचे आणि डीचे सामान त्याच चिपांवर सरमिसळ होऊन पडलेले असते. भिंत फक्त तक्त्यावर उरते.

दुसरी समजूत, सीवर आलेला व्हायरस डीवर जात नाही. का नाही जाणार? खंडणी मागणारे जे दुष्ट प्रोग्राम आहेत, ते हाताला लागेल ती प्रत्येक फाइल कुलूपबंद करतात. ज्या दारातून तुम्ही डीत जाता त्याच दारातून तेही जातात.

तिसरी समजूत सगळ्यांत महाग पडते. डीवर ठेवले म्हणजे जतन झाले, अशी ती आहे. किती घरांत मी हे पाहिले आहे! सीवर फोटो, डीवर त्यांची प्रत, आणि त्या प्रतीच्या फोल्डरला 'बॅकअप' असे भारदस्त नाव. एका परिचित गृहस्थांनी तर वडिलांची हस्तलिखित रोजनिशी पानन् पान स्कॅन करून अशीच दोन्हीकडे ठेवली होती. मूळ वह्यांना वाळवी लागलेली, म्हणून त्या टाकून दिलेल्या. एके दिवशी डिस्कने मान टाकली. सी गेली तशीच डीही गेली, कारण जायला तिथे दोन वस्तू नव्हत्याच. त्या गृहस्थांचा निष्काळजीपणा झाला असे कोण म्हणेल? त्यांनी काळजी घेतली होती, दोन प्रती केल्या होत्या. पण एकाच ट्रंकेतल्या दोन कप्प्यांत दागिने ठेवून ट्रंकच हरवावी, तशी गत झाली. लॅपटॉप चोरीला गेला, त्याच्यावर चहा सांडला, गाडीत विसरला, तरी हिशेब हाच.

एवढ्यावरून कुणी असे समजू नये की वाटणी करूच नये. करायची हौस असेल तर अवश्य करा. मात्र लॅपटॉप कोरा आहे तोवरच करा. सामान लावून झाल्यावर भिंती घालणे घरातही त्रासाचे आणि यंत्रातही. विंडोजमध्येच 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची सोय आहे. बाहेरून काही विकत आणावे लागत नाही. पडदा उघडला की प्रथम दोन गोष्टींनी मन दचकते. ५१२ गिगाबाइट म्हणून घेतलेली डिस्क ४७६ च भरते. दुकानदाराने फसवले नाही हो! कारखानदार हजाराच्या पटीने मोजतो आणि विंडोज १,०२४ च्या पटीने, एवढाच तो फरक. दुसरे म्हणजे, सीच्या आजूबाजूला दोन-तीन छोटे, बिननावाचे विभाग दिसतात. जागा वाया चालली म्हणून पुष्कळांचा हात ते पुसायला शिवशिवतो. तो आवरावा. यंत्र सुरू करण्याची किल्ली त्यातल्या एकात असते आणि दुरुस्तीची हत्यारे दुसऱ्यात.

तिसरी गोष्ट दिसत नाही, म्हणून ती आधी सांगतो. २०२४ च्या आवृत्तीपासून विंडोज ११ नव्या यंत्रांवर मायक्रोसॉफ्टचे खाते जोडताच डिस्कला बहुधा आपोआप गुप्त कुलूप लावते. चोरापासून संरक्षण म्हणून ते चांगलेच आहे. पण यंत्राला कधी संशय आला की ते मालकाकडेच ४८ आकडी किल्ली मागते. ती किल्ली तुमच्या खात्यात जपलेली असते. भिंतीला हात लावण्यापूर्वी ती कागदावर उतरवून घ्यावी आणि तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नये.

मग 'श्रिंक व्हॉल्यूम' या आज्ञेने सी लहान करायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत डी वसवायची. कधी कधी भरपूर जागा मोकळी असूनही यंत्र थोडीशीच सोडायला तयार होते. हलवता न येणारी एखादी फाइल, जडशीळ कपाटासारखी, मधेच ठाण मांडून बसलेली असते. तिथे जबरदस्ती करू नये. सीला जागा सढळ हाताने द्यावी. विंडोज ११ ला निदान ६४ गिगाबाइट लागतात असे कंपनीच सांगते. पण प्रोग्राम, दर महिन्याची डागडुजी आणि फोनवरून येणारे सामान धरले तर ५१२ च्या डिस्कवर सीला २०० च्या आसपास तरी ठेवलेले बरे. कंजूषपणा केला की वर्षभरात सीची पट्टी लाल होते, शेजारी डी ओस पडलेली असते आणि तरी तिची जागा सीला मिळत नाही. सी वाढवायची तर मोकळी जागा तिच्या लगेच पुढेच हवी, असा विंडोजचा नियम आहे. तिथे डी बसलेली. ती रिकामी करा, पुसा, मग सी वाढवा! भावाभावांनी अंगण वाटून घ्यावे आणि विहिरीवर जायला वळसा पडावा, तसेच हे.

एवढे करूनही आपली माणसे फाइली ठेवतात कुठे? डेस्कटॉपवर! आणि डेस्कटॉप असतो सीत. डाउनलोड्स आणि डॉक्युमेंट्स ही फोल्डरेही सीतच असतात. त्यांचा पत्ता मुद्दाम बदलला तरच ती डीत जातात. तेव्हा वाटणी झाली, पण सगळे बिऱ्हाड पहिल्याच खोलीत, अशी पुष्कळ घरांची स्थिती असते. ज्यांना फक्त नीटनेटकेपणा हवा आहे त्यांचे काम साध्या फोल्डरांनी भागते. फोल्डरला भिंत नसते, म्हणून जागा कमी-जास्त झाली तरी भांडण होत नाही.

मग जतनाचे काय? त्याला उपाय एकच: दुसरी वस्तू. सुटी बाह्य डिस्क घ्यावी, महिन्यातून एकदा तिच्यावर नक्कल काढावी आणि काम झाले की ती सोडवून कपाटात ठेवावी. सतत जोडलेली डिस्क खंडणीवाल्यांच्याही हाताला लागते. आणि शक्य तर तिसरी प्रत दुसऱ्या घरात असावी. आग, पूर, चोरी या आपत्ती घर पाहून येतात, ड्राइव्हचे अक्षर पाहून येत नाहीत.

त्यासाठी दिवाळीसारखा मुहूर्त नाही. भाऊबीजेला बहिणीकडे जाताना ओवाळणीच्या पाकिटाबरोबर एक छोटी डिस्क न्या. आईवडिलांचे फोटो, आजीच्या आवाजातली एखादी ओवी, लग्नाची चित्रफीत, जुन्या पत्रांच्या प्रती, असे दोघांचेही जे आहे ते त्यात भरा. बहिणीच्या घरचे जे असेल ते येताना आपल्याकडे आणा. ती डिस्क पुढच्या भाऊबीजेपर्यंत तिच्या कपाटात राहील आणि वर्षाला एकदा ताजी होईल. भाऊ-बहिणींत वाटून घ्यावी आणि तरी दोघांकडे पुरती राहावी, अशी ही एकच वाटणी माझ्या माहितीत आहे.